घरातल्या कुंडीतला अननस: वर्षं नकोत, पानं मोजा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाजारातून आणलेल्या अननसाचा शेंडा कुंडीत लावून तीन वर्षं झाली. झाड हॉलमध्ये सोफ्याशेजारी असतं. पानं हातभर लांब झाली आहेत, चहूबाजूंनी लोंबतात, पण फळाचं नाव नाही. अलीकडे पानांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं काहीतरी दिसू लागलंय. नर्सरीवाला म्हणतो, शेंड्यापासून लावलेला अननस फळत नाही, काढून टाका. घरचे म्हणतात, हे झाड रात्री ऑक्सिजन सोडतं, बेडरूममध्ये ठेवू या. काय करावं?

काढून टाकू नका, आणि बेडरूममध्येही नेऊ नका. ते बाल्कनीत आणा. बाकी सगळं त्यानंतर.

कोकणात आमच्या नारळाच्या बागेत अननस हे आंतरपीक आहे, आणि शहरात राहायला आल्यापासून मी तो कुंड्यांतही वाढवतो. बागेतला आणि कुंडीतला अनुभव शेजारी ठेवून पाहिला की एक गोष्ट पक्की दिसते. अननस फळायला येतो तो वयावर नाही, अंगावर. झाडाला किती वर्षं झाली याला फारसा अर्थ नसतो. किती पानं आहेत, ती किती जाड आणि रुंद आहेत, यावर सगळं ठरतं. शेतात फूल धरायला औषध देण्याआधी शेतकरी हेच बघतो: पस्तीस ते चाळीस निरोगी पानं झाली का? कुंडीतही हाच नियम लावा. तुमच्या झाडाची वाळकी पानं सोडून हिरवी पानं मोजा. माझा अंदाज आहे की ती वीस-पंचविसाच्या पुढे जाणार नाहीत, आणि त्यातलीही बरीच लवचिक, पातळ असतील.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. सगळी पानं दोन्ही हातांनी गोळा करून वर धरा. सगळ्यात उंच निघेल ते पान बघा. ते नुकतंच पूर्ण वाढलेलं असतं आणि झाडाची प्रकृती तेच सांगतं, म्हणून अननसाचे अभ्यासकही हेच पान तपासायला घेतात. चांगल्या उन्हातल्या झाडाचं हे पान बुडाशी रुंद, मधे पन्हाळीसारखं खोलगट आणि ताठ असतं. वाकवायला गेलात तर विरोध करतं. सावलीतल्या झाडाचं पान लांबीला तेवढंच किंवा जास्तच भरतं, पण हातात चपटं आणि मऊ लागतं. लांब पानं म्हणजे चांगली वाढ, असा समज फार पसरलेला आहे. अननसाच्या बाबतीत हातभर लोंबणारं गर्द हिरवं पान म्हणजे उजेडासाठी ताणलेलं पान.

नर्सरीवाल्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. अननसाची लागवड तीन गोष्टींपासून होते: बुंध्यातून येणारे फुटवे, फळाच्या देठाशी येणारे छोटे कोंब आणि फळावरचा शेंडा. तिन्ही त्याच झाडाचे भाग असतात, त्यामुळे फळ देण्याची क्षमता तिघांतही सारखीच असते. फरक वेळेचा आहे. चांगला जोमदार फुटवा शेतात साधारण दीड वर्षात फळ देतो, शेंड्याला दोन वर्षं किंवा त्याहून अधिक लागतात, कारण त्याची सुरुवातच लहान अंगानं होते. कुंडीत यात आणखी वर्षभर धरा. व्यापारी बागाईतदार फुटवे पसंत करतो ते यासाठी. घरी आपल्याला शेंडाच फुकट मिळतो, आणि तो फळतो.

आता उजेडाबद्दल जरा सविस्तर, कारण घरात अननस अडतो तो इथेच.

घरात ठेवायची झाडं म्हणून आपण जी ओळखतो, मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, ती कमी उजेड सोसणारी आहेत. अननस घरात जगतो म्हणून लोक त्यालाही त्याच पंगतीत बसवतात. तो सोफ्याशेजारी वर्षानुवर्षं जगतो हे खरं, पण जगणं आणि वाढणं यात फरक आहे. नारळाच्या बागेत तो सावलीत असतो हेही खरं, पण नारळाची सावली विरळ आणि हलती असते. झावळ्यांमधून ऊन दिवसभर सरकत राहतं, त्यातलं बरंच खाली पोचतं. छताखाली, खिडकीपासून सहा-सात फुटांवर, आपल्या डोळ्यांना लख्ख वाटतं, पण तिथला उजेड बाहेरच्या उजेडाच्या अगदी लहानसा हिस्सा असतो. आपला डोळा अंधाराशी जुळवून घेतो, पानाला तसं जुळवून घेता येत नाही. खात्री करायची असेल तर दुपारी झाडाच्या जागी हात धरा आणि मागच्या भिंतीवर सावली बघा. कडा स्पष्ट दिसल्या तर उजेड ठीक. पुसट डाग दिसला तर अननसाला ती जागा अंधारीच.

त्याला रोज चार तास तरी थेट ऊन लागतं. सहा मिळालं तर उत्तम. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं तीन-चार तासांचं ऊन येतं, तेवढ्यावर तो हळूहळू पण नीट वाढतो. पश्चिमेचं ऊनही चालतं, फक्त एप्रिल-मेमध्ये भिंत आणि फरशी तापते तेव्हा कुंडी विटेवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा, म्हणजे मुळं भाजत नाहीत. माझी पहिली पसंती दक्षिणेला. आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन खोलवर आत येतं. पावसाळा संपून फूल धरेपर्यंतचा अननसाच्या दृष्टीनं मोलाचा काळ नेमका हाच. उलट पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आलं नाही तर घाबरू नका. ज्यांच्याकडे फक्त उत्तरेची बाल्कनी आहे त्यांना मात्र मी फळाची आशा दाखवणार नाही. तिथे दिवा लावावा लागेल, त्याबद्दल पुढे सांगतो.

एक सावधगिरी. तीन वर्षं हॉलमध्ये असलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं तर पानांवर पांढुरके, मग तपकिरी चट्टे पडतात आणि ते कधीही भरून येत नाहीत. पहिला आठवडा बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात, मग सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं करत दोन-तीन आठवड्यांत त्याला पुढे आणा. जुनी लोंबलेली पानं ताठ होणार नाहीत. लक्ष पोंग्याकडे, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या झुबक्याकडे ठेवा. तिथून येणारी नवी पानं आखूड, रुंद, टोकाशी तांबूस छटा असलेली दिसू लागली की झाडानं जागा मानली असं समजा.

ऑक्सिजनचं म्हणणं ऐकायला छान आहे, आणि त्याच्या मुळाशी एक खरी गोष्टही आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात. अननस, निवडुंग, कोरफड यांच्यासारखी कोरड्या जागी तगणारी झाडं ती मुख्यतः रात्री उघडतात, कारण रात्री हवा गार असते आणि पाणी कमी उडतं. रात्री ती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात पेशींत साठवतात आणि दिवसा छिद्रं मिटून, उन्हाच्या जोरावर, त्याची साखर करतात. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. रात्री उजेड नाही, तर ऑक्सिजनही नाही. एका कुंडीनं खोलीतली हवा बदलण्याइतका फरक तसाही पडत नाही. बेडरूममध्ये ठेवून झाडाचं मात्र नुकसान होतं, कारण पडदे ओढलेल्या खोलीत त्याला दिवसाचं ऊन मिळत नाही. या स्वभावाचा आपल्याला खरा फायदा पाण्यात होतो. चार दिवस गावाला गेलात तरी अननस कुरकुरत नाही.

आता तुमच्या झाडावरचा पांढरा कापूस. तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. याला हलकं घेऊ नका. अननसात हा नुसता रस शोषत नाही, त्याच्यामार्फत मर येते: पानं तांबडी पडतात, टोकं खाली वळतात, मुळं मरतात आणि झाड दिसता दिसता कोमेजतं. आधी मुंग्या बघा. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर त्याच या किडीला इकडून तिकडे नेतात आणि सांभाळतात. मुंग्या गेल्याशिवाय मिलीबग जात नाही.

झाड कुंडीतून सरळ बाहेर काढा, कारण कीड बुडाच्या पानांच्या बेचक्यात आणि मुळांवरही लपलेली असते. जुनी माती झाडून टाका, कचऱ्यात द्या, दुसऱ्या कुंडीत वापरू नका. नळाखाली मुळं आणि पानांची बुडं धुवा. खालची वाळलेली, पिवळी पानं एकेक करून खाली ओढून काढा. जिथे कापूस दिसेल तिथे सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा फिरवा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली निमतेल आणि चार-पाच थेंब भांड्यांचा द्रव साबण घोळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंना आणि बेचक्यांत फवारा. आठवड्यानं पुन्हा, असं तीन-चार वेळा. एकदा फवारून थांबलात तर अंड्यांतून नवी पिल्लं येतात आणि महिन्याभरात मूळपदावर याल. शेजारी कोरफड, जास्वंद असेल तर तिच्यावरही नजर टाका. जास्वंदीवरून ही कीड फार सहज येते.

झाड बाहेर काढलंच आहे, तर एक काम याच वेळी होतं. खालची पानं काढल्यावर बुंधा उघडा पडतो आणि त्यावर बारीक तपकिरी मुळांचे कोंब दिसतात. झाड पुन्हा लावताना तो उघडा भाग मातीत जाईल इतकं खोल लावा. त्यातून नवी मुळं फुटतात आणि डगमगणारं झाड पक्कं बसतं. मात्र मधल्या पोंग्यात माती जाता कामा नये. तिथे माती किंवा घाण साचली की पोंगा कुजतो.

माती कोणती, हा प्रश्न पुण्यात, सोलापुरात, छत्रपती संभाजीनगरकडे जास्त महत्त्वाचा आहे. अननसाला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) साधारण साडेचार ते साडेसहा. देशावरची काळी माती अल्कधर्मी, चुनखडीची आणि पाणी धरून ठेवणारी, म्हणजे त्याला नको असलेलं सगळं एकत्र. तिच्यात लोह असूनही झाडाला उचलता येत नाही, आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. म्हणून लाल माती घ्या, नर्सरीत पोत्यानं मिळते. दोन भाग लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट, वर मूठभर निंबोळी पेंड. पाणी घातल्यावर अर्ध्या मिनिटात खालून बाहेर यायला हवं. कुंडी बारा इंची पुरते. त्याची मुळं उथळ असतात, ड्रमसारखी खोल कुंडी दिलीत तर खालची माती ओली राहून मुळं सडतात. मातीची जड कुंडी असेल तर चांगलंच, फळाच्या वजनानं झाड कलंडत नाही.

पाणी: वरची दोन बोटं माती कोरडी झाली की द्यायचं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, थंडीत आठवड्यानं. बोअरचं जड पाणी असेल तर पानं पिवळी पडण्याचा त्रास वाढतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर अननसासाठी ठेवा. नाहीतर महिन्यातून एकदा लिटरला दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरवड्यात रंग सुधारतो. तेव्हा खाली फरशी असेल तर कागद अंथरा, हिराकशीचे डाग निघत नाहीत.

खत पानांतून द्या. अननस पानांच्या बेचक्यांत साचलेलं पाणी आणि अन्न शोषून घेतो, तिथे त्याची बारीक मुळंही असतात. नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत लिटरला दोन ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, पानांवर आणि खालच्या बेचक्यांत. पोंग्यात ओतू नका. ताम्रयुक्त बुरशीनाशक मात्र अननसावर मुळीच वापरू नका, या कुळाला तांबं सोसत नाही.

पावसाळ्यात कुंडी सतत भिजणार नाही अशी ठेवा. कोकणात उघड्यावर चार महिने पाऊस खाऊनही अननस मजेत असतो, कारण उताराच्या जांभ्या मातीत पाणी थांबत नाही. कुंडीत थांबतं. पोंग्यातलं मधलं पान हलक्या हातानं ओढल्यावर सहज निघून आलं आणि बुडाला घाण वास आला, तर पोंगा कुजलाय असं समजा. त्यावर उपाय नाही, बुडातून फुटवा येतो का एवढंच बघायचं. आणि शहरात राहणाऱ्यांनी डासांचा विचार करायलाच हवा. कुंडीखालच्या ताटलीत आणि पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. ताटली पावसाळ्यात काढूनच टाका, आणि आठवड्यातून एकदा कुंडी तिरकी करून बेचक्यांतलं पाणी ओतून द्या किंवा पाण्याची जोरदार धार मारून बदला. घरात लहान मुलं असतील तर यात कंटाळा नको.

एवढं सगळं आत्ता सुरू केलंत तर येत्या वर्षभरात तुमच्या झाडाला दहा-पंधरा दमदार नवी पानं यायला हरकत नाही. मग फळाचा विचार.

अननस नैसर्गिकपणे फुलतो तो रात्री मोठ्या आणि गार झाल्यावर, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास. ज्या खोलीत रात्री बारापर्यंत ट्यूब चालू असते तिथे झाडाला मोठी रात्र मिळतच नाही, त्यामुळेही फूल लांबतं. हॉलमधल्या झाडांचं हेही एक कारण. उलट एखादं लहान झाड पुण्याच्या कडक थंडीत अवेळी फुलतं आणि लिंबाएवढं फळ देतं. ते थांबवता येत नाही. लहान असताना थंडीच्या रात्री झाड आत, उबदार जागी घेतलंत तर शक्यता कमी होते, इतकंच.

झाड अंगानं तयार असेल तर फूल आपल्याला आणता येतं. फूल धरण्याचा इशारा म्हणजे इथिलीन हा वायू, पिकणाऱ्या फळांतून निघतो तोच. हे लक्षात आलं धुरामुळे. पोर्तुगालच्या अझोरस बेटांवर, साओ मिगेल इथे, काचघरांत अननस पिकवतात. तिथल्या बागाईतदारांनी 19व्या शतकात पाहिलं की काचघरात धूर झाला की अननस एकदम फुलावर येतात. धुरात इथिलीन असतं. तिथे आजही काचघरांत धुरी देऊन पीक एकसाथ फुलवतात. आपल्याकडे केरळात आणि कोकणात शेतकरी इथेफॉन वापरतात, ते झाडात जाऊन इथिलीन सोडतं. फ्लॅटमध्ये धूरही नको आणि इथेफॉनही नको. कार्बाइड तर घरात आणूच नका: त्यातून निघणारा वायू पेटतो, आणि त्यात आर्सेनिक-फॉस्फरससारखी घातक द्रव्यं असतात.

घरासाठी पिकलेलं सफरचंद किंवा केळी पुरेशी आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा कुठलाही आठवडा निवडा. कडक उन्हाळ्यात हा प्रयोग बहुधा फसतो, तापलेल्या झाडाला इशारा नीट लागत नाही. त्याआधी महिनाभर खत बंद ठेवा, नत्र भरपूर असलेलं झाड पानंच काढत बसतं. पोंग्यातलं पाणी काढून टाका. एक पूर्ण पिकलेलं सफरचंद अर्धं कापून, किंवा ठिपके पडलेली तीन-चार केळी, कुंडीत झाडाच्या बुडाशी ठेवा. सगळ्या झाडावर मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी उलटी घाला, कुंडीच्या कडेला सैलसर बांधा. पिशवीत ऊन गेलं तर झाड उकडून निघेल, म्हणून ते दिवस कुंडी सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांनी पिशवी काढा, फळ टाकून द्या, झाड उन्हात परत. आठवड्यानं पुन्हा एकदा केलंत तर खात्री वाढते. ही करामत वीस पानांच्या झाडावर करू नका. फूल येईलही, पण अननस आयुष्यात एकदाच फुलतो, आणि ती एकच संधी मुठीएवढ्या फळावर संपेल.

मग वाट बघायची. सहा ते आठ आठवड्यांत, थंडी असेल तर थोडं जास्त लागून, पोंग्याच्या मध्यावरची पानं बुडाशी लालसर होतात आणि आत एक तांबूस गाठोडं दिसू लागतं. ज्यांनी हे घरात पाहिलं नाही त्यांना मी एवढंच सांगेन की फळ बाजूला ठेवलं तरी या एका महिन्यासाठी अननस वाढवावा. कणीस वर येतं, त्यावर निळी-जांभळी फुलं खालून वर फेऱ्याफेऱ्यानं उमलतात, एकेक फूल एका दिवसापुरतं, सगळी मिळून शंभर ते दोनशे. प्रत्येक फुलाचा पुढे एक डोळा होतो, आणि ते सगळे डोळे एकमेकांना चिकटून एक फळ बनतं. डोळ्यांच्या तिरक्या ओळी मोजून बघा: एका दिशेला बहुधा आठ, दुसऱ्या दिशेला तेरा. मुलांना बरोबर घेऊन मोजा. मधमाशी नको, हातानं परागीकरण नको, अननस बिनबियाचंच धरतो. बंद बाल्कनीतही अडचण येत नाही ती म्हणून.

फूल धरल्यापासून पिकेपर्यंत पाच ते सहा महिने. कणीस दिसल्यावर पालाशाचं खत द्या, तेरा-शून्य-पंचेचाळीस लिटरला दोन ग्रॅम, पंधरवड्यानं एकदा. फळ भरू लागलं की देठ एका बाजूला झुकतो, काठीचा आधार देऊन सुतळीनं सैल बांधा. घरात अर्धा-पाऊण किलोचं फळ आलं तर ते उत्तम पीक समजा. तोडायची घाई करू नका. आंबा, केळं, चिकू काढल्यावर पिकतात, कारण त्यांच्यात साठवलेल्या पिठाची साखर होते. अननसात तसा साठा नसतो. झाडावरून काढला की त्याची गोडी तिथेच थांबते, पुढे रंग बदलेल, मऊ पडेल, पण गोड होणार नाही. बुडाकडून पिवळेपणा अर्ध्याच्या वर चढला, डोळे फुगीर न राहता सपाट झाले आणि बाल्कनीत पाऊल टाकताच वास आला की काढा. बाजारातला अननस लांबच्या प्रवासासाठी कच्चटच काढावा लागतो. घरच्या फळाची चव वेगळी लागते ती याच कारणानं.

फळ दिल्यावर मूळ झाड पुन्हा फळत नाही, पण बुडातून दोन-तीन फुटवे येतात. सगळ्यात दणकट एक ठेवा, बाकीचे वीतभर झाले की पिळून काढून दुसऱ्या कुंडीत लावा. ठेवलेला फुटवा आईच्या मुळांवर वाढतो आणि शेंड्यापेक्षा बराच लवकर फळतो. म्हणजे तुमचं हे तीन वर्षांचं झाड काढून टाकणं किती तोट्याचं ठरलं असतं बघा.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी शेंड्याबद्दल थोडं. पुण्या-मुंबईच्या बाजारात येणारा लहानसर, सोनेरी, पानांना काटे असलेला अननस बहुतेक केरळचा असतो, एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वाळकुळम भागातला, मॉरिशस जातीचा. मोठा, फिकट गराचा, जवळजवळ बिनकाट्यांच्या पानांचा तो क्यू. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर क्यूचा शेंडा घ्या, मात्र त्याला जागा जास्त लागते, वाढलेलं झाड सहज तीन-साडेतीन फूट पसरतं. बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवलेलं फळ घेऊ नका, गारठ्यानं शेंड्याचा जीव जातो. मधली कोवळी पानं हिरवी आणि घट्ट हवीत. शेंडा सुरीनं न कापता पिळून काढा, चिकटलेला गर पूर्ण काढा नाहीतर तिथूनच बुरशी धरते, खालची पानं बोटभर उंचीपर्यंत सोलून टाका आणि सावलीत चार-पाच दिवस उलटा टांगून जखम सुकू द्या. मग थेट मातीत. पाण्याच्या ग्लासातही मुळं फुटतात आणि ती बघायला मजा येते, पण ती ठिसूळ असतात, मातीत नेताना मोडतात. लावायला फेब्रुवारी-मार्च चांगला, पावसाळ्यात शेंडे सुकण्याआधी कुजतात.

परदेशातले मराठी लोकही हा प्रश्न विचारतात, न्यू जर्सीतून, लंडनमधून. तिथे ऊब ही अडचण राहिलेली नाही, घरं तापवलेली असतात. 18व्या शतकात मात्र इंग्लंड-हॉलंडमध्ये तीच खरी अडचण होती. कातडी कमावून उरलेली ओकची साल कुजताना जी ऊब देते, तिच्यात कुंड्या पुरून तिथल्या माळ्यांनी अननस पिकवले. लंडनजवळच्या रिचमंडला मॅथ्यू डेकर या व्यापाऱ्याच्या बागेत पिकलेल्या एका अननसाचं 1720 सालचं चित्र केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे, फळाचा असा मान होता. तुम्हाला आज फक्त उजेड भरून काढायचा आहे. तीस-चाळीस वॅटचा, पांढऱ्या उजेडाचा एलईडी ग्रो लाइट झाडाच्या शेंड्यापासून फूट-दीड फुटावर, रोज बारा तास, टायमर लावून. पुण्यातल्या उत्तरमुखी बाल्कनीलाही हाच उपाय. फुलासाठी पिशवी लावाल त्या हंगामात दिव्याचे तास दहावर आणा. उन्हाळ्यात रात्रीचं तापमान पंधराच्या वर टिकू लागलं की झाड बाहेर, आणि ते त्याखाली यायच्या आत घरात.

ज्यांना फळ नकोच आहे, हॉलमध्ये फक्त देखणं झाड हवं आहे, त्यांनी पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचा शोभेचा अननस घ्यावा. नर्सरीत तो व्हेरिगेटेड म्हणून मिळतो, आटोपशीर राहतो, थोडं ऊन मिळालं की पट्ट्यांना गुलाबी झाक येते. त्यालाही खिडकीजवळचीच जागा द्या. त्याचं गुलाबी-लाल फळ खाण्यापेक्षा बघण्यासारखं असतं आणि झाडावर कित्येक आठवडे टिकतं.

तुमच्या झाडासाठी क्रम असा ठेवा: या आठवड्यात मिलीबग आणि माती, पुढच्या तीन आठवड्यांत हळूहळू ऊन, मग दर महिन्याला पानांची मोजणी. पस्तीस झाली आणि महिना ऑक्टोबरनंतरचा असला, की सफरचंद आणा.